पौर्णिमा, लघुग्रह आणि अंशांचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली पौर्णिमा जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, आणि त्याहून जास्त मोबाइलवर, एक नवा मजकूर फिरू लागतो. 'चंद्र-सेरेस युती, आईशी असलेलं नातं ऐरणीवर', 'कायरॉनची जुनी जखम भळभळणार', 'लिलिथ जागी होणार, सावध राहा'. नवग्रहांच्या जोडीला आता लघुग्रहही भविष्यात आले. त्याला आमची हरकत नाही. फलित मानायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण अमुक पिंड अमुक क्षणी किती अंशावर होता, हे गणित आहे. ते बरोबर येतं किंवा चुकतं. छापून येणाऱ्या मजकुरात ते बहुतेक वेळा चुकलेलं असतं, म्हणून हे पत्र.

सुरुवात पौर्णिमेच्या वेळेपासून. चंद्र सूर्याच्या १६८ अंश पुढे गेला की पौर्णिमा तिथी लागते आणि १८० अंश पुरे झाले की ती संपते. म्हणजे खगोलशास्त्रातला पूर्ण चंद्राचा क्षण हा आपल्या पंचांगातला पौर्णिमा समाप्तीचा क्षण. पौर्णिमेची कुंडली त्याच क्षणाची मांडतात. लेख लिहिणारे मात्र कधी तिथी लागल्याची वेळ धरतात, कधी चंद्रोदयाची, कधी सरळ रात्रीचे बारा. २०२५ ची कोजागिरी घ्या. पौर्णिमा ६ ऑक्टोबरला दुपारी १२.२३ ला लागली आणि ७ ऑक्टोबरला सकाळी ९.१६ ला संपली. दूध आटवलं गेलं ते ६ तारखेच्या रात्री, आणि ते योग्यच, कारण व्रताला मध्यरात्रीची पौर्णिमा लागते. कुंडलीला मात्र सकाळचे ९.१६ लागतात. त्या दिवसांत चंद्र पृथ्वीच्या जवळ होता, त्यामुळे तासाला सुमारे ३७ कला (६० कला म्हणजे १ अंश) चालत होता. मध्यरात्र ते ९.१६ एवढ्यात तो साडेपाच अंशांहून जास्त सरकला. मुंबईत मध्यरात्री मिथुन लग्न (पूर्वेला उगवत असलेली रास) होतं, ९.१६ ला तुळ. एक अंशाच्या युतीवर फलित सांगायचं आणि चंद्रच साडेपाच अंश मागे धरायचा, याला काय म्हणावं?

परदेशी कोष्टकांत वेळ ग्रिनिचची असते. तीत साडेपाच तास मिळवायचे राहिले की तारीखच बदलते. ग्रिनिचला रात्री ८ ची पौर्णिमा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे दीडची. शिवाय बऱ्याच अ‍ॅपांत शहर निवडलं नाही तर दिल्ली गृहीत धरली जाते. मुंबई दिल्लीच्या पश्चिमेला सव्वाचार अंशांहून जास्त आहे, म्हणजे सूर्य इथे सतरा-अठरा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. चंद्राच्या आणि लघुग्रहांच्या अंशांत त्याने काही फरक पडत नाही, पण लग्न चार अंशांच्या आसपास हलतं आणि राशीच्या कडेला असेल तर भावच, म्हणजे कुंडलीतली घरंच, बदलतात.

आता अयनांश. सायन पद्धत राशी वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून मोजते, निरयन पद्धत ताऱ्यांच्या आधाराने. दोन्हींतला फरक म्हणजे अयनांश. त्याच कोजागिरीला पूर्ण चंद्र सायन मेषेत १४ अंश ८ कलांवर होता. चित्रा तारा आधार धरणाऱ्या चित्रापक्षाचा अयनांश त्या वेळी सुमारे २४ अंश १३ कला. तो वजा केला की निरयन मीन, जवळपास २० अंश, रेवती नक्षत्र. टिळक पंचांगाचा अयनांश याहून सुमारे ४ अंशांनी कमी असल्यामुळे त्या हिशेबाने मीन २४ च्या आसपास. तिन्ही मांडण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो मिसळ केल्यावर. लेखात चंद्र रेवती नक्षत्रात असतो आणि कायरॉन मेषेत. चंद्र निरयन घेतला, कायरॉन परदेशी लेखातून सायन उचलला. दोन वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजलेली मापं शेजारी ठेवून त्यांतलं अंतर काढायचा हा प्रकार. तुलना करायची तर दोघांचेही भोग (राशिचक्रावरचे अंश) एकाच पद्धतीचे हवेत.

त्या रात्री कायरॉन प्रत्यक्षात सायन मेषेत २५ अंशांच्या आसपास वक्री (उलट चालीचा) होता. चंद्र १४ वर. अंतर अकरा अंश. तरीही युती म्हणून गाजावाजा झाला, कारण रास एक. पाश्चात्त्य पद्धतीत लघुग्रहांसाठी दीप्तांश, म्हणजे युती मानायला चालणारं जास्तीत जास्त अंतर, १ अंश धरतात, मोठ्या चारांना (सेरेस, पॅलस, जुनो, व्हेस्टा) फार तर २. रवी-चंद्रांना ८-१० अंशांची सवलत मिळते, तीच लघुग्रहांना दिली की सगळंच सगळ्याला चिकटतं. एका राशीत असणं म्हणजे युती, हा आपल्या पाराशरी पद्धतीचा संकेत. तो नऊ ग्रहांसाठी आहे.

हा दीप्तांशाचा मुद्दा जरा सविस्तर मांडायला हवा, कारण 'दुर्मीळ योग' या शब्दाचा सगळा व्यापार त्यावरच चालतो. सेरेस सूर्यासमोर, म्हणजे प्रतियोगात, सुमारे ४६७ दिवसांनी येते. पौर्णिमेचा चंद्रही सूर्याच्या बरोबर समोर असतो. म्हणून पौर्णिमेला चंद्र आणि सेरेस एकत्र यायचे तर सेरेसचा प्रतियोग पौर्णिमेच्या अगदी लगत पडला पाहिजे. प्रतियोगाचा बिंदू रोज १ अंश पुढे जातो, सेरेस त्या काळात रोज पाव अंशाच्या आत-बाहेर मागे सरकते. १ अंशाच्या दीप्तांशासाठी प्रतियोग पौर्णिमेच्या आधी किंवा नंतर वीस तासांच्या आत हवा. साडेएकोणतीस दिवसांत ही खिडकी पावणेदोन दिवसांहूनही कमी. म्हणजे साधारण अठरा प्रतियोगांत एकदा, सरासरीने वीस-पंचवीस वर्षांत एकदा. पॅलस, जुनो आणि व्हेस्टा यांचाही हिशेब असाच येतो. वर्षातून तीन-चार पौर्णिमांना 'चंद्र-सेरेस युती' छापून येत असेल तर ती सेरेस आकाशातली नव्हे.

याउलट, कुठल्याही नावाचा लघुग्रह चालेल असं म्हटलं की चित्र पालटतं. क्रमांक मिळालेले लघुग्रह आठ लाखांच्या वर गेले आहेत आणि नाव मिळालेले वीस हजारांच्या वर. वीस हजारांना ३६० ने भागा. दर अंशाला पंचावन्न. चंद्राच्या दोन्ही बाजूंना एकेक अंश धरला तर कुठल्याही पौर्णिमेला शंभरेक नावं चंद्राला खेटून असणारच. त्यांत एखादं प्रेमाचं, एखादं युद्धाचं, एखादं नदीचं, एखादं कुणा खगोलशास्त्रज्ञाच्या मुलीचं. हवी ती गोष्ट निघते. गोष्ट आधी ठरवून मग तिला शोभणारा लघुग्रह यादीतून काढणं म्हणजे बाण मारून त्याभोवती वर्तुळ काढणं. आणि परदेशातून आयात होणाऱ्या या नावांतली काही मूळची इथलीच आहेत बरं का. ६७ क्रमांकाचा एशिया १८६१ मध्ये आणि ८० क्रमांकाचा सॅफो १८६४ मध्ये, दोन्ही खगोलशास्त्रज्ञ पॉगसन यांना मद्रास वेधशाळेतून सापडले. सॅफोचं फलित सांगणारे पाश्चात्त्य ज्योतिषी आहेत. बिचाऱ्या एशियाला कुणी विचारत नाही.

कायरॉनची गोष्ट वेगळी. तो मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यात नाही. १९७७ मध्ये चार्ल्स कोवल यांना सापडला, शनी आणि युरेनसच्या दरम्यान फिरतो, एका फेरीला पन्नास वर्षं लावतो. इतका सावकाश चालणारा पिंड दरवर्षी एकदा सूर्यासमोर येतो, म्हणजे वर्षातली एक पौर्णिमा त्याच्या बऱ्यापैकी जवळ पडणारच. सायन मेषेत त्याचा मुक्काम साधारण २०१८ ते २०२७ असा, त्या काळात ती पौर्णिमा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर एवढ्यातली असते. कोजागिरीला कायरॉन दरवर्षी नव्याने 'दुर्मीळ' कसा होतो, ते त्यातून कळेल.

अंश स्वतः काढायचे असतील तर फार अवघड नाही. नासाच्या जेपीएल संस्थेची होरायझन्स ही मोफत सेवा आहे. तीत पिंडाच्या रकान्यात सेरेससाठी नुसता १ टाकला तर बुध येतो, व्हेस्टासाठी ४ टाकला तर मंगळ. क्रमांकानंतर अर्धविराम टाकला की मगच तो आकडा लघुग्रहाचा समजला जातो. पॅलसला २, जुनोला ३, कायरॉनला २०६०, प्रत्येकापुढे अर्धविराम. चंद्राला ३०१ आणि सूर्याला १०, अर्धविरामाशिवाय. निरीक्षणस्थान भूकेंद्र ठेवावं. उत्तराच्या रकान्यांपैकी ३१ क्रमांकाचा निवडावा, त्यात त्या दिवसाच्या संपातावरून मोजलेले भोग आणि शर (क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या मार्गापासून, उत्तर-दक्षिण अंतर) मिळतात. २००० सालच्या संपाताचे आकडे घेतले तर सायन भोगात आता २० कलांहून जास्त चूक येते. दीप्तांश १ अंशाचा असताना हा एक तृतीयांश झाला. सूर्यकेंद्रीय आकडे तर घेऊच नयेत, त्यांत कित्येक अंशांचा फरक पडू शकतो. काही कोष्टकं फक्त मध्यरात्रीचे भोग देतात. लघुग्रहांना ते चालतं, कारण त्यांची चाल दिवसाला पाव ते अर्धा अंश. चंद्राला अजिबात चालत नाही. आकडे हाती आले की ताळा सोपा आहे. पौर्णिमान्ताच्या क्षणी चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांत बरोबर १८० अंशांचं अंतर दिसलं पाहिजे. ते १७७ किंवा १८२ दिसलं तर वेळ चुकली, पुढचं काहीच वाचू नका.

शर हा तर सगळेच विसरतात. राशिचक्रात आपण फक्त भोग मांडतो. चंद्र क्रांतिवृत्तापासून साडेपाच अंशांच्या पलीकडे जात नाही, पण पॅलसची कक्षाच जवळपास ३५ अंशांनी कललेली. कुंडलीत पॅलस चंद्राच्या घरात त्याच अंशावर बसलेली असते आणि आकाशात पार दुसऱ्या तारकासमूहात. २०२५ च्या कोजागिरीला सेरेसचंही तेच होतं. भोगाने ती चंद्रापासून फार लांब नव्हती, पण चंद्र मीन तारकासमूहात आणि सेरेस खाली तिमिंगलात, मधे पंधरा अंशांहून जास्त. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. म्हणजे दीड मुठीहून जास्त. याला युती म्हणायची का, हे पद्धत ठरवेल, पण 'आज रात्री चंद्राशेजारी पाहा' असं तरी लिहू नये.

आणि पाहणार तरी काय? पौर्णिमेला चंद्राशी युती करणारा पट्ट्यातला लघुग्रह नेहमी वक्री असतो, पृथ्वीच्या जवळ असतो आणि त्याच्या परीने सर्वांत तेजस्वी असतो. तिन्ही गोष्टी सूर्यासमोर असल्यामुळेच घडतात. तेव्हा 'युतीत असून शिवाय वक्री' हे दोन योग म्हणून मोजणं म्हणजे एकच रुपया दोनदा मोजणं झालं. तेजस्वी असूनही सेरेस ७ प्रतीच्या (प्रत ही तेजाची पायरी, आकडा मोठा तेवढं तेज कमी) आसपास, नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर. व्हेस्टा कधी कधी साडेपाच प्रतीपर्यंत येते, पण तिला गडद आकाश लागतं. मरीन ड्राइव्हवरून विसरा. मुंबईकर आकाशनिरीक्षक वांगणी-नेरळकडे जातात, तिथूनही पौर्णिमेच्या रात्री चंद्रप्रकाशात ती हाती लागत नाही. आठ-दहा दिवस थांबावं, चंद्र उशिरा उगवू लागला की १० बाय ५० ची दुर्बीण आणि नकाशा घेऊन बसावं. लागोपाठ दोन रात्री त्याच पट्टीतले तारे कागदावर टिंबांनी मांडावेत. जे टिंब सरकलं ती व्हेस्टा.

लिलिथच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, १९२७ मध्ये सापडलेला ११८१ क्रमांकाचा लघुग्रह. त्याचं नाव लिली बुलांजे या फ्रेंच संगीतकार स्त्रीवरून पडलं, ज्यू लोककथेतल्या आदमच्या पहिल्या बायकोशी त्याचा संबंध नाही. दोन, चंद्रकक्षेचा पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू, ज्याला तिकडे काळा चंद्र म्हणतात. तिसरी, एक काल्पनिक दुसरा चंद्र, जो कधी सापडलाच नाही. बहुतेक अ‍ॅप दुसरी दाखवतात आणि लेखक तिला लघुग्रह म्हणून मोकळे होतात. गंमत म्हणजे हा बिंदू आपल्याला परका नाही. सूर्यसिद्धान्तात तो चंद्रोच्च आहे, महायुगाच्या ४३,२०,००० वर्षांत त्याचे ४,८८,२०३ भगण (फेऱ्या) सांगितले आहेत. भागून पाहा, पावणेनऊ वर्षांहून किंचित जास्त येतात. आजचं मापही तेच, ८.८५ वर्षं. मध्यम (सरासरी) चंद्रोच्च आणि स्पष्ट (त्या क्षणाचं प्रत्यक्ष) चंद्रोच्च यांत मात्र ३० अंशांपर्यंत फरक पडू शकतो. कोणतं घेतलं ते न सांगता 'लिलिथ वृश्चिकेत' असं लिहिलं तर ती शेजारच्या राशीतही असू शकते.

कथांकडे वळू. पियाझ्झी यांनी १ जानेवारी १८०१ ला सिसिलीतल्या पालेर्मोहून सेरेस शोधली आणि त्या बेटाच्या धान्यदेवतेचं नाव दिलं. ग्रीकांची दिमितर ती हीच. तिची मुलगी पाताळाच्या राजाने पळवली, आईच्या शोकाने पिकं थांबली, शेवटी मुलगी वर्षाचा काही काळ वर आणि उरलेला खाली असा तोडगा निघाला. सेरेसचं फलित 'पोषण' एवढंच सांगणं अपुरं आहे. गमावणं, वाटून घेणं आणि ठरल्या वेळी परत मिळणं हा तिचा गाभा. मराठी लेखांत तिला अन्नपूर्णा करून टाकतात. त्यापेक्षा पौष पौर्णिमेची शाकंभरी जवळची, कारण तिच्या कथेत दुष्काळ आहे. तरी मुलीचा विरह तिथेही नाही, तेव्हा साम्य तेवढ्यापुरतंच.

जुनोला वटपौर्णिमेशी जोडायची तर रीतच पडली आहे. जुनो विवाहाची देवता खरी, पण तिच्या कथा जोडीदाराच्या बेइमानीच्या, मत्सराच्या आणि सूडाच्या आहेत. पाश्चात्त्य फलितातही ती विवाहातला करार आणि त्याचा भंग दाखवते. सावित्री यमाशी वाद घालते, एकेक वर अशा बेताने मागते की शेवटी त्याच्याच वचनात तो अडकतो. हे काम युक्तीचं. बापाच्या मस्तकातून शस्त्रासह जन्मलेल्या, विणकाम आणि डावपेच या दोन्हींची देवता असलेल्या पॅलस अथीनाचं. जोडायचंच असेल तर वटपौर्णिमेला पॅलस पाहावी, असं आमचं मत.

व्हेस्टा आपल्याला सर्वांत लवकर समजते. रोममध्ये तिच्या देवळात मूर्तीपेक्षा अग्नी महत्त्वाचा. सहा कुमारिका तो राखायच्या, प्रत्येकीची सेवा तीस वर्षांची, विझला तर फटके, व्रत मोडलं तर जिवंत पुरायचे. दरवर्षी १ मार्चला अग्नी नव्याने चेतवायचे. आपल्याकडे फाल्गुन पौर्णिमेची होळी आणि धुळवडीला तिच्या निखाऱ्यांवर तापवलेलं अंघोळीचं पाणी आठवतं. व्हेस्टाचं फलित म्हणून 'एकाग्रता, समर्पण' असं गोड लिहितात, त्यामागची शिक्षा गाळतात. कथा घ्यायची तर पुरती घ्यावी.

आणखी एक युक्तिवाद हमखास येतो. पौर्णिमेला चंद्र समुद्राला उधाण आणतो, मुंबईत दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमाराला भरती येते ते कुणीही बघावं, मग लघुग्रहांचा परिणाम का नसावा? तर हिशेब असा. सेरेस पट्ट्यातली सर्वांत मोठी, तरी तिचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे ७८ व्या हिश्श्याएवढं. ती अगदी जवळ आली तरी चंद्राच्या सहाशे पटींहून दूर. भरतीचं बल अंतराच्या घनाने घटतं. गुणाकार केला तर सेरेसची ओढ चंद्राच्या दोन हजार कोटीव्या हिश्श्याएवढी निघते. फलित सांगणाऱ्यांनी संकेताचा, प्रतीकाचा आधार घ्यावा, भरतीचा घेऊ नये.

उपायांबद्दल थोडक्यात. सेरेसची शांत, जुनोचं रत्न, कायरॉनचा जप असं काही कुठल्याही जुन्या संहितेत असणं शक्य नाही, कारण १८०१ पूर्वी हे पिंड कुणाला ठाऊकच नव्हते. विंशोत्तरी दशापद्धतीची १२० वर्षं नऊ ग्रहांत पुरती वाटून झाली आहेत, दहाव्याला तिथे जागा नाही. चार लघुग्रहांचं ज्योतिषासाठी पहिलं स्थितिकोष्टक अमेरिकेत एलिनॉर बाख यांनी १९७३ मध्ये काढलं. म्हणजे ही विद्या अर्ध्या शतकाची आहे. तशी म्हणून ती वाचावी, पण तिच्यावर ऋषींचं नाव घालून पैसे घेऊ नयेत.

आपल्याला विनंती एवढीच, की पौर्णिमेच्या लघुग्रहांवर मजकूर छापाल तेव्हा खाली चार ओळींची चौकट द्यावी. पौर्णिमान्ताची भारतीय वेळ, पद्धत सायन की निरयन आणि अयनांश कोणता, चंद्राचे व लघुग्रहाचे भोग अंश-कलांत, आणि लघुग्रहाचा क्रमांक व शर. लिलिथ असेल तर तिन्हींपैकी कोणती ते. चौकट भरता येत नसेल तर तो मजकूर थांबवून लेखकाकडून आकडे मागवावेत. एखाद्या महिन्यात १ अंशाच्या आत मोठ्या चारांपैकी कुणीच नसेल, आणि बहुतेक महिन्यांत नसेलच, तर 'या पौर्णिमेला लघुग्रहांचा योग नाही' ही एक ओळ पुरे.

आपले,
पंचांगगणिताचे काही अभ्यासक,
दादर, मुंबई